डेन्व्हरच्या उंचीवर ट्यून केलेल्या पिकअपला ८५, ८७ की ९१ ऑक्टेनचं पेट्रोल?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी कोलोरॅडोत, डेन्व्हरशेजारच्या ऑरोराला राहतो. फोर्डचा २०१९ चा एफ-१५० पिकअप, साडेतीन लिटरचं इकोबूस्ट इंजिन. गेल्या वर्षी हातातल्या ट्यूनरने (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलणाऱ्या यंत्राने) ९१ ऑक्टेनची परफॉर्मन्स ट्यून टाकली. उन्हाळ्यात साडेसहा हजार पौंडांचा कॅम्पर (ट्रेलरवरचं घर) ओढत उंच डोंगरातल्या लेडव्हिलच्या बाजूला जातो. ऑफिसातले सगळे म्हणतात की इथे हवा विरळ, ८५ पुरतं. पंपावरही ते 'रेग्युलर' म्हणूनच मिळतं. शिवाय पुण्यात आपण वर्षानुवर्षं ९१ च भरत होतो, तेही साधं पेट्रोल म्हणून. मग इथे त्याच ९१ साठी टाकीमागे वीस-पंचवीस डॉलर जास्त का मोजायचे? निदान हिवाळ्यात तरी ८७ चालेल का?"

आधी उत्तर सांगून टाकतो. गाडीत ९१ ची ट्यून आहे तोवर ९१ च भरा. ८५ या गाडीत कधीच भरू नका, ट्यून काढून गाडी कारखान्यातल्यासारखी केलीत तरी नाही. ८७ ला जागा आहे, पण ती ट्यून बदलून मिळते, नुसता पंपाचा पाइप बदलून नाही. घाई असेल तर इथे थांबलात तरी चालेल. मात्र ऑफिसातले लोक सोमवारी पुन्हा तेच सांगतील, आणि खरं म्हणजे ते खोटं बोलत नाहीयेत. त्यांचं म्हणणं एका प्रकारच्या इंजिनाला लागू आहे, ते इंजिन तुमच्याकडे नाही, एवढंच.

माझ्याबद्दल दोन वाक्यं, म्हणजे हे कुठून बोलतोय ते कळेल. पुण्यात इंजिन टेस्ट सेलमध्ये सहा वर्षं काढली आणि गेली चौदा वर्षं डेन्व्हरच्या दक्षिणेला एका छोट्या वर्कशॉपमध्ये पेट्रोल पिकअपचं ट्यूनिंग करतो. डिझेलवाल्यांनी हे वाचून गोंधळू नये. त्यांच्याकडे ऑक्टेनचा प्रश्नच नाही, तिथे सीटेनचा वेगळा हिशेब असतो.

पुण्याच्या ९१ चा गुंता आधी सोडवू, कारण इकडे आलेल्या प्रत्येक मराठी माणसाची इथे एकदा तरी फसगत होते. माझीही झाली होती. भारतातल्या पंपावरचा आकडा 'रॉन' असतो, म्हणजे रिसर्च ऑक्टेन नंबर. त्याच पेट्रोलची दुसरी, जास्त कडक चाचणी असते, ती 'मॉन'. त्यात इंजिन जास्त वेगाने फिरवतात आणि मिश्रण तापवून देतात, म्हणून आकडा आठ-दहाने खाली येतो. अमेरिकेत पंपावर या दोन्हींची सरासरी लिहितात. बीएस-६ च्या मानकात साध्या पेट्रोलला रॉन ९१ आणि मॉन ८१ लागायचा, सरासरी ८६. म्हणजे पुण्याचं जुनं ९१ इथल्या ८७ च्याही किंचित खाली बसतं. भारतातलं ९५ चं प्रीमियम घेतलंत तर रॉन ९५, मॉन ८५, सरासरी ९०. ते साधारण इथल्या ९१ च्या शेजारी. तेव्हा 'तेच ९१' हा समज डोक्यातून काढून टाका. इथलं ८५ भारतातल्या कुठल्याही पंपावर, अगदी रॉनच्या भाषेतही, साधं पेट्रोल म्हणून पास झालं नसतं.

आता ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. एका गॅलनमध्ये ऊर्जा किती, याच्याशी त्याचा जवळजवळ संबंध नाही. स्पार्क पडला की ज्योत सिलिंडरमध्ये एका बाजूने पसरत जाते. तिच्या पुढचं, अजून न जळलेलं मिश्रण त्या वेळी दाबलं जात असतं आणि तापत असतं. ज्योत पोहोचायच्या आत ते आपोआप पेटलं की दाबाची लाट उठते आणि पिस्टनवर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. हाच नॉक. पेट्रोल हा दाब आणि ही उष्णता किती सोसतं, ते ऑक्टेन सांगतं. म्हणून कुठलं पेट्रोल भरायचं हे ठरवताना विचारायचा प्रश्न एकच: माझ्या सिलिंडरमध्ये दाब आणि तापमान किती होतं? 'मी किती फुटांवर राहतो' हा त्या प्रश्नाचा फक्त एक तुकडा आहे.

तुमच्या सहकाऱ्यांचं म्हणणं आलं ते या तुकड्यातूनच. डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे. तिथे हवेचा दाब सुमारे १२.१ पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड), समुद्रसपाटीला १४.७. टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) नसलेलं इंजिन जेवढी हवा आपणहून ओढतं तेवढीच त्याला मिळते. डेन्व्हरला ती सहाव्या हिश्शाने कमी, म्हणजे सिलिंडरमधला दाबही तितकाच कमी, आणि नॉकची भीतीही कमी. कार्ब्युरेटरच्या जमान्यात हा हिशेब सरळ होता: हजार फूट चढलात की ऑक्टेनची गरज साधारण एका आकड्याने उतरायची. डोंगराळ राज्यांत ८५ पंपावर आलं ते त्या काळातल्या गाड्यांच्या जोरावर. आमच्या लहानपणी फियाटचे मिस्त्री घाटात गाडी खडखडली की स्पार्कची वेळ ठरवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट ढिला करून तो केसभर मागे फिरवायचे आणि कान लावून ऐकायचे. त्या इंजिनांना कळणारी हीच एक भाषा होती. ती इंजिनं भंगारात गेली, ८५ चा पंप राहिला. आजची इंजेक्शनची, टर्बो नसलेली गाडीसुद्धा हवेचा दाब मोजून टायमिंग (स्पार्क पडायची वेळ) स्वतःच पुढे नेते, म्हणजे स्पार्क लवकर पाडते, आणि उंचीने दिलेल्या सवलतीतला बराच भाग स्वतः वापरून टाकते. म्हणून अशा गाड्यांतही बहुतेक कंपन्या ८७ च्या खाली जायला नको म्हणतात. फोर्डच्या मॅन्युअलमध्ये तर स्पष्ट लिहिलेलं आहे: उंचावरच्या भागात ८७ पेक्षा कमी आकड्याचं पेट्रोल 'रेग्युलर' म्हणून मिळतं, ते वापरू नका. ट्रेलर ओढण्यासारख्या जड कामाला त्याच मॅन्युअलमध्ये प्रीमियम सुचवलं आहे, आणि हे सगळं ट्यून न केलेल्या गाडीबद्दल आहे.

तुमच्या गाडीला दोन टर्बो आहेत. सगळी गोष्ट इथे फिरते.

टर्बो इंजिनाचा कॉम्प्युटर 'बाहेर हवा किती आहे' हे पाहून गप्प बसत नाही. त्याच्यापुढे एक लक्ष्य असतं: इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळीत) अमुक इतका एकूण दाब हवा. हिशेबाला सोपं म्हणून तो ३० पीएसआय धरू. समुद्रसपाटीला १४.७ फुकट मिळतात, उरलेले १५.३ टर्बो देतो. डेन्व्हरला फुकटचे १२.१, टर्बोला १७.९ द्यावे लागतात. आय-७० महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे. तिथे फुकटचे जेमतेम पावणेदहा, म्हणजे टर्बोवर वीसपेक्षा जास्तीचा बोजा. सिलिंडरला मात्र तिन्ही ठिकाणी तेच ३० दिसतात. उंचीने दिलेली सवलत इंजिनापर्यंत पोहोचतच नाही, ती वाटेत टर्बो खाऊन टाकतो.

आणि खाताना उष्णता टाकतो. हवा दाबली की तापते. सायकलचा पंप मारताना हाताला लागतं तेच. बाहेर २५ अंश सेल्सियस आणि टर्बोची कार्यक्षमता ७२ टक्के धरून कागदावर हिशेब केला, तर टर्बोतून निघणारी हवा समुद्रसपाटीला ११८ अंशांच्या आसपास, डेन्व्हरला १४८ आणि बोगद्यापाशी १८० च्या घरात जाते. बोगद्यापाशी बाहेरची हवा थंड असते, म्हणून शेवटचा आकडा थोडा कमी धरा. ही हवा गार करायचं काम इंटरकूलरचं. पण त्याच्या जाळीतून जाणारी बाहेरची हवाही विरळच. कॅम्पर जोडून ताशी ४५ मैलांनी चढताय, म्हणजे वाराही कमी. त्यात टर्बोला जास्त फिरवायला एक्झॉस्टकडून जास्त रेटा लागतो, तिथला दाब वाढतो आणि थोडा गरम जळका वायू सिलिंडरमध्येच मागे राहतो. थोडक्यात, दाब तोच आणि उष्णता जास्त. टर्बो गाडीची ऑक्टेनची गरज उंचीवर कमी होत नाही. भार टाकलात तर वाढू शकते.

अजून एक गोष्ट लोक विसरतात. कोलोरॅडोची हवा कोरडी आहे. हवेतली वाफ ज्वलन थोडं थंड ठेवते, म्हणून दमट हवेत नॉक कमी येतो आणि कोरड्या हवेत जास्त. ह्यूस्टनच्या घामट दुपारी जी ट्यून गुपचूप चालते, ती इथल्या जुलैत कुरकुर करताना मी पाहिली आहे.

आता यात 'अवलंबून आहे' असं कुठे कुठे म्हणायला लागतं, ते सांगतो. कारखान्याचा कॉम्प्युटर एका उंचीनंतर टर्बो फार वेगाने फिरू नये म्हणून बूस्टचं, म्हणजे टर्बोने वाढवलेल्या दाबाचं, लक्ष्यच खाली आणतो. त्यामुळे ट्यून न केलेली इकोबूस्ट बोगद्यापाशी तितकी ओढत नाही आणि तितकी तापतही नाही. परफॉर्मन्स ट्यून लिहिणारे सगळ्यात आधी नेमकी हीच मर्यादा ढिली करतात, कारण 'डोंगरात गाडी पडते' ही गिऱ्हाइकाची पहिली तक्रार असते. तुमच्या ट्यूनच्या फाइलमध्ये ती कितपत ढिली केली आहे, हे फाइल उघडल्याशिवाय सांगता येणार नाही. ज्याने लिहिली त्याला विचारा. नीट काम करणारा माणूस एका ओळीत उत्तर देतो. उडवाउडवी झाली तर तेही एक उत्तरच आहे.

तुमच्या शेजाऱ्याकडे टर्बो नसलेला मोठा व्ही-८ असेल तर त्याचा हिशेब वेगळा. त्याला डेन्व्हरला खरोखर सवलत मिळते. दहा हजार फुटांवर तर सिलिंडरमध्ये हवा इतकी कमी असते की टायमिंग पुढे नेऊन जास्तीत जास्त ताकद मिळायची जागा नॉक यायच्या आतच येते. तिथे ९१ भरून पैशांपलीकडे काही जळत नाही. फक्त त्याने पूर्वेकडे निघताना जपावं. कॅन्ससच्या सीमेजवळ, बर्लिंग्टनला स्वस्त म्हणून ८५ ने टाकी भरली आणि तशीच कॅन्सस सिटीपर्यंत नेली, तर गाडी चार हजारांवरून हजार फुटांच्या खाली उतरते आणि सवलत वाटेतच संपते. बेल्टवर चालणारा सुपरचार्जर या दोघांच्या मधे बसतो. तो बाहेरच्या हवेला ठरावीक पटीनेच दाबतो, म्हणून डेन्व्हरला त्याचा बूस्ट आपोआप उतरतो. मग लोक छोटी पुली लावून तो परत वर आणतात, आणि नाताळात टेक्सासला जातात. त्या पुलीने समुद्रसपाटीजवळ काय होतं, ते मला जानेवारीत वर्कशॉपमध्ये बघायला मिळतं.

"पण गाडीत नॉक सेन्सर असतो ना, तो सांभाळून घेईल," हे पुढचं वाक्य तुम्ही ऐकणारच आहात. सेन्सर सांभाळतो, पण कुत्रा भुंकतो तो चोर अंगणात आल्यावर. आधी नॉक होतो, मग सेन्सरला तो ऐकू येतो, मग टायमिंग मागे जातं. कारखान्याच्या ट्यूनमध्ये पुरेशी मोकळी जागा ठेवलेली असते, म्हणून तिथे हा खेळ वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतो. परफॉर्मन्स ट्यूनमध्ये टायमिंग आधीच कडेला नेलेलं असतं. काही ट्यूनवाले तर सेन्सरचा कान थोडा बधिर करून ठेवतात, म्हणजे गिऱ्हाइकाला डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) सरळ रेघ दिसते. तुमच्या फाइलमध्ये तसं असेल आणि वर ८५ भरलंत, तर भुंकायलाही कोणी नाही.

माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी स्वतःच्या पिकअपची फाइल मी जानेवारीत लिहिली. सकाळी बाहेर शून्याच्या खाली, रस्ता सपाट, ट्रेलर नाही, टाकीत ९१. लॉग (कॉम्प्युटरच्या आकड्यांची नोंद) आरशासारखा स्वच्छ. जागा शिल्लक दिसतेय म्हणून वरच्या भारात टायमिंग आणखी दोन अंश पुढे नेलं आणि खूश होऊन विसरून गेलो. जुलैत सामानाने भरलेला ट्रेलर जोडून जॉर्जटाउनहून बोगद्याकडे चढत होतो. इंटरकूलरनंतरची हवा ७० अंशांच्या वर, आणि दोन सिलिंडरांत कॉम्प्युटर पाच-सहा अंश टायमिंग मागे ओढत होता. आवाज एकही आला नाही. खिडक्या बंद, एसी चालू, गाणी लावलेली. घरी आल्यावर प्लग काढले तर पांढऱ्या पोर्सिलीनवर मिरपूड भुरभुरावी तसे बारीक ठिपके. त्यातले काही चंदेरी होते. ते चंदेरी ठिपके पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे असतात. वेळेत कळलं म्हणून इंजिन वाचलं. पेट्रोल तेव्हाही ९१ च होतं, हे लक्षात घ्या. ऋतू आणि भार बदलला की तेच ९१ अपुरं पडू शकतं, तिथे ८५ ची काय कथा.

म्हणून ऐकीव गोष्टींपेक्षा लॉगवर विश्वास ठेवा. तुमच्या हातातल्या ट्यूनरमध्ये लॉग करायची सोय असणारच. कॅम्पर जोडून, उन्हाळ्यातल्या दुपारी, एका लांब चढावर दहा मिनिटांचा लॉग घ्या. आकडे शेजारी बसलेल्याने बघायचे, चालवणाऱ्याने नाही. मी चार गोष्टी बघतो.

पहिली, प्रत्येक सिलिंडरची नॉक दुरुस्ती, म्हणजे नॉकमुळे कॉम्प्युटरने टायमिंगमध्ये केलेला बदल. एखादा अंश इकडेतिकडे होणं रोजचंच आहे. एकाच सिलिंडरमध्ये तीन-चार अंश सतत मागे जात असतील, तर पाय उचला. काही लॉगरमध्ये उणे म्हणजे मागे घेतलं, काहींत उलट, तेव्हा चिन्हाचा अर्थ आधी समजून घ्या. दुसरी, इंटरकूलरनंतरचं हवेचं तापमान. माझा ठोकताळा असा की ते साठ अंशांच्या वर टिकून राहिलं तर पेट्रोल कितीही चांगलं असो, ती ट्यून या कामासाठी नाही. तिसरी, बूस्टचं लक्ष्य आणि प्रत्यक्ष दाब यांतला फरक. लक्ष्य गाठायला टर्बोची पूर्ण ताकद लागतेय आणि तरी ते गाठत नाहीये, असं दिसलं तर टर्बो त्याच्या टोकाला पोहोचला आहे. तिथे बूस्ट वाढवून नुसती उष्णता मिळते. हा दाब वाचताना तुमचा मीटर एकूण दाब दाखवतो की बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा, हे पाहून घ्या. डेन्व्हरला मीटरवर १८ दिसले म्हणजे समुद्रसपाटीच्या १५ एवढाच माल आत गेला.

चौथी गोष्ट खास फोर्डवाल्यांसाठी. कॉम्प्युटर पेट्रोलचा दर्जा शिकून एका आकड्यात साठवतो, लॉगमध्ये तो 'ऑक्टेन ॲडजस्ट रेशो' या नावाने सापडतो. उणे एक म्हणजे पेट्रोल उत्तम आहे अशी त्याची खात्री झाली आहे. तो शून्याकडे आणि पुढे अधिक एकाकडे सरकायला लागला, तर पेट्रोल ट्यूनला पुरत नाहीये. ९१ भरूनही तो उणे एकाजवळ बसत नसेल, तर एखादी टाकी खराब आली असेल, नाहीतर फाइल जास्त आक्रमक आहे. दोन टाक्या वेगवेगळ्या, गर्दीच्या पंपांवर भरून पाहा, म्हणजे कशात दोष आहे ते कळेल. काही ट्यूनवाले हा आकडा उणे एकवर गोठवून ठेवतात. तो कधीच जराही हलत नसेल तर तेही विचारा.

इथपर्यंतचं एका दमात: टर्बो आहे म्हणून उंचीची सवलत नाही, ट्यून आहे म्हणून मोकळी जागा नाही, कॅम्पर आहे म्हणून उष्णता आहे. तिन्ही बाजूंनी ९१ च्या खाली जायला वाव उरत नाही.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. चुकून ८५ भरलं गेलं तर घाबरून टाकी उपसू नका. ऑक्टेनचं मिश्रण साधारण सरळ सरासरीने चालतं. पाव टाकी ८५ आणि वर पाऊण टाकी ९१ म्हणजे साडे-एकोणनव्वद. तोवर ट्रेलर जोडू नका, ॲक्सिलरेटर तळाला नेऊ नका, आणि जागा होईल तसं वर ९१ टाकत राहा. इथे बऱ्याच पंपांवर तिन्ही पेट्रोलांना एकच पाइप असतो. आधीच्या गाडीने ८५ भरलं असेल तर पाइपातलं थोडं तुमच्या टाकीत येतं. मोठ्या टाकीत ते जाणवत नाही. मोटरसायकलवाल्यांनी मात्र विचार करावा.

९३ ची फाइल कोलोरॅडोत टाकू नका. फ्लोरिडा-टेक्सासमधून फाइली विकणारे लोक ९३ हेच प्रीमियम धरून चालतात. इथल्या पंपांवर प्रीमियम म्हणजे साधारण ९१ च. "उंचीने ते दोन आकडे भरून निघतात" असं कोणी म्हणालं तर वरचा टर्बोचा परिच्छेद त्याला वाचून दाखवा.

ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्यांवर 'पाच पॉइंट वाढवते' असं लिहिलेलं असतं. त्या धंद्यात एक पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा दहावा हिस्सा. पाच पॉइंट म्हणजे अर्धा आकडा. पैसे ९१ वर खर्च करा. विमानांचं शंभरचं पेट्रोल तर अजिबात नको. त्यात शिसं असतं, ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कायमचे जातात, आणि रस्त्यावर ते बेकायदा आहे. डेन्व्हरच्या पट्ट्यात एमिशनची (गाडीच्या धुराची) तपासणी होते, कन्व्हर्टर मेला तर तिथेच अडकाल.

ई-८५ (इथेनॉल आणि पेट्रोलचं मिश्रण) बद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ट्यूनवाला सुचवेल. इथेनॉलचा ऑक्टेन उंच असतो आणि त्याचं बाष्पीभवन होताना ते हवा चांगलीच गार करतं, त्यामुळे आपल्या या नेमक्या दुखण्यावर ते खरंच औषध आहे. पण पेट्रोलपेक्षा बरंच जास्त इंधन फवारावं लागतं, आणि तुमच्या इंजिनाचा मूळ हाय-प्रेशर पंप पूर्ण ई-८५ ला पुरणार नाही. थोडं मिसळून, त्यासाठीच लिहिलेल्या फाइलवर चालवणारे लोक आहेत. पंपावरच्या ई-८५ मध्ये इथेनॉल ५१ ते ८३ टक्के इतकं वरखाली होतं, हिवाळ्यात कमी. मोजायचा सेन्सर न बसवता अंदाजाने मिसळणं मला पटत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यापासून डेन्व्हरच्या भागात रिफॉर्म्युलेटेड पेट्रोल आलं, त्यावरूनही ऑफिसात काही ऐकलं असेल. ते ओझोनचं प्रदूषण कमी करण्यासाठी आहे. ऑक्टेनचा आकडा पंपावर लिहिलेला असतो तोच धरा.

एका धोक्यावर मात्र ऑक्टेन उपयोगी पडत नाही. तुमचं इंजिन टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शनचं आहे. कमी आरपीएमवर, वरच्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर दाबून कॅम्पर ओढलात तर स्पार्क पडायच्याही आधी मिश्रण पेटू शकतं. हा नॉकपेक्षा वेगळा आणि जास्त वाईट प्रकार. एका फटक्यात पिस्टन फुटू शकतो. यावर उपाय दोन: इंजिन ऑइल एपीआय एसपी दर्जाचं वापरा, कारण तो दर्जा याचाही विचार करून बनवला आहे, आणि चढावर टो-हॉल मोड (ओझं ओढायची सेटिंग) लावून गाडीला खालच्या गिअरमध्ये मोकळी फिरू द्या. आवाज वाढतो म्हणून लोक घाबरतात. तीन हजार आरपीएमवर हलक्या हाताने चढणारं इंजिन अठराशेवर कण्हत चढणाऱ्या इंजिनापेक्षा सुखी असतं. आपल्याकडे घाटात ट्रकवाले चढाच्या आधीच गिअर खाली टाकतात, तेच इथेही.

राहिला हिवाळ्याचा प्रश्न, आणि तिथे मी तुमच्या बाजूने आहे. नोव्हेंबर ते एप्रिल कॅम्पर उभा असतो, हवा थंड असते, गाडी ऑफिस आणि फार तर स्कीइंगला जाते. त्या कामाला ८७ व्यवस्थित पुरतं, पण फाइलही ८७ चीच हवी. बहुतेक ट्यूनवाले ती त्याच पैशांत देतात, आणि नसेल द्यायची तर कारखान्याची मूळ फाइल तुमच्या ट्यूनरमध्ये साठवलेली आहेच. तीही ८७ वर चालायलाच बनवली आहे. फक्त क्रम चुकवू नका. हिवाळ्यात उतरताना आधी ८७ ची फाइल टाका, मग पंपावर जाऊन ८७ भरा. मे महिन्यात वर चढताना उलट: टाकी तळाला येऊ द्या, ९१ ने पूर्ण भरा, पन्नासेक मैल साधी चालवा म्हणजे लाइनमधलं जुनं पेट्रोल संपेल, आणि मगच ९१ ची फाइल टाका. त्यानंतर पहिल्या चढावर कॅम्पर न जोडता एक लॉग घ्या. तो इथे टाकलात तर मी बघून सांगेन.